मारुतची खुर्ची

“तिला सांग की, विमान उडालं म्हणून,” बाकड्यावरचा एक जण म्हणाला आणि बाकीचे दोघे चहाच्या ग्लासात हसले.

मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. समोर, रस्त्याच्या पलीकडे, एका तंत्रशिक्षण संस्थेचं फाटक होतं. फाटकाशेजारी सिमेंटचा चौथरा होता आणि चौथऱ्यावर काही नव्हतं. लोखंडी खांबांचे तीन बुंधे तेवढे उरले होते, गुडघ्याएवढे, गॅसच्या ज्योतीने कापलेले. एकावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

चहावाल्याला विमानाबद्दल विचारायचा धीर गोळा करायला मला दोन चहा लागले होते. जालन्यातला चहा पुण्यापेक्षा गोड, आणि ग्लास निम्माच. त्याने दूध ढवळता ढवळता सांगितलं, “गेलं की ते. दिवाळीच्या अगोदर. नवीन गेट करायचं व्हतं, मंग क्रेन आणली, कापलं, नेलं.” मग माझ्याकडे नीट बघत त्याने विचारलं, “तुम्ही कोणाच्या?”

पुढचे तीन दिवस हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. पुण्यात मी अख्खा दिवस कुणाशी न बोलता काढू शकते आणि कुणाला काही वाटत नाही. इथे चौक ओलांडायचा तरी आजोबांचं गाव, आडनाव आणि वडिलांची नोकरी सांगावी लागते. मी म्हटलं, अंकुशनगरकडची. ते खरं होतं. कशासाठी आले, ते मी सांगितलं नाही.

आता सांगते.

चार की पाच

मारुत हे आपल्या देशात तयार झालेलं पहिलं लढाऊ जेट विमान. एकाहत्तरच्या लढाईत ते राजस्थानच्या सीमेवर उडालं. हवाई दलातून ते गेलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. उरलेली थोडी विमानं बागांत, संग्रहालयांच्या आवारात, कुठे खांबांवर उभी आहेत. विमानांचं वेड असलेली माणसं ती शोधत हिंडतात आणि फोटो काढतात. मला वेड नाही. मला त्या विमानाची फक्त खुर्ची बघायची होती.

माझे आजोबा हवाई दलात फिटर होते. अंबड तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला पहिला मुलगा. लढाऊ विमानाची खुर्ची संकटात वैमानिकाला बाहेर फेकते. विमान जमिनीवर असताना ती चुकून सुटू नये म्हणून तिच्यात पिना अडकवलेल्या असतात, प्रत्येकीला लाल कापडी पट्टी. उड्डाणाआधी फिटर शिडीवर चढतो, वैमानिकाचे पट्टे आवळतो, पिना काढतो, मुठीत धरून त्याला दाखवतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. वैमानिकाने तोच आकडा परत म्हणायचा. एक जरी पिन आत राहिली तरी खुर्ची सुटत नाही.

आजोबांना ही पद्धत पहिल्या दिवसापासून घरची वाटली होती. दिवेलागणीला मेंढरं वाड्यात शिरताना ते लहानपणी तोंडाशी उभे राहून मोठ्याने मोजत आणि त्यांचे वडील आतून आकडा परत म्हणत. आकडा जुळल्याशिवाय काट्यांचं फाटक लागत नसे.

आजोबा कित्येक वर्षं दुसऱ्या एका विमानावर होते. मारुतवर येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. एका दिवशी उड्डाणाची घाई होती. इंजिन सुरू झालं होतं. आजोबांनी पिना काढल्या, उंच धरल्या, आकडा ओरडले. वैमानिक माझ्या आताच्या वयाचा होता. त्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही, त्याने अंगठा वर केला. अर्ध्या तासाच्या आत ते विमान वाळवंटात पडलं आणि वैमानिक आतच राहिला. चौकशीत ठरलं की विमान फार खाली होतं, सुटायला वेळच मिळाला नाही. पिनांचं कुणी विचारलं नाही. त्या आजोबांच्या खिशात होत्या. चार.

हे त्यांनी मला मागच्या वर्षी सांगितलं, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर. एवढ्या माणसांत मलाच का, तेही सांगितलं. “तू कोणाला बोलणार न्हाई. तू बोलतच न्हाईस.” मग छताकडे बघत म्हणाले, “जुन्या विमानाला चार व्हत्या. मारुतला चार का पाच, ते आता याद येईना. तू बघून ये.” आणि चारांतली एक पिन त्यांनी माझ्या हातात दिली, भोकात घालून बघायला.

पुण्यातल्या एका बागेत मारुत आहे. लहानपणी मी त्याच्या सावलीत भेळ खाल्ली आहे. पण त्याची काच रंगवून टाकलेली, आत काही दिसत नाही. आणि मी कठड्यावर पाय ठेवताच रखवालदाराने शिट्टी मारली. मुंबईत एका आवारात आणखी एक सापडलं. परवानगीचं पत्र मिळवून आत डोकावले, तर खुर्चीच्या जागी फळी होती. इंटरनेटवर विचारलं तेव्हा एका निवृत्त अधिकाऱ्याने चार लिहिलं, दुसऱ्याने पाच, आणि मग ते दोघे एकमेकांशी भांडायला लागले. मी ते पान बंद केलं.

जालन्याचं विमान आत्याने सांगितलं. ती गावी आजोबांजवळ राहते. बाजाराला जाताना एसटीच्या खिडकीतून तिने ते कित्येकदा पाहिलं होतं. नेमकं मागच्या वर्षभरात ती जालन्याला गेली नव्हती.

जालना

संस्थेच्या कार्यालयात कारकुनासमोर मी इतका वेळ गप्प उभी राहिले की त्याने मला फीच्या खिडकीकडे पाठवलं. तिथून परत आले तेव्हा पिन काढून टेबलावर ठेवली. लाल पट्टी आता विटकरी झाली आहे, पण त्याने ओळखली. विमान आणलं तेव्हा अशीच एक पट्टी चाकाला बांधलेली होती म्हणे. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला: त्याची लेक शाळेच्या गणवेशात, आणि वर मारुतचं टोकदार नाक. “मी बोललो व्हतो, ठेवा म्हणून,” तो म्हणाला. “पण आपलं कोण ऐकून राह्यलंय?” लिलावात माल घेणाऱ्या भंगारवाल्याचं ठिकाण त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं. एमआयडीसी, स्टीलच्या कारखान्यांमागे, वजनकाट्याच्या शेजारी.

मुक्कामाला बस स्टँडजवळ लॉज घेतला. मॅनेजरने माझं ओळखपत्र दोनदा पाहिलं आणि तरी बाबांना फोन लावून खात्री केली. पुण्यात मला याचा राग आला असता. इथे मी नुसती उभी राहिले आणि माझ्याबद्दल चाललेलं बोलणं ऐकत राहिले. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती, काळपट, तर्रीची, पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणणारी. वाढप्याने न विचारता गुळाचा खडा आणून ताटात ठेवला. दिवसभरात कुणीतरी प्रश्न न विचारता केलेली ती एकच गोष्ट.

एमआयडीसी

सकाळी रिक्षावाल्याने मला मुख्य रस्त्यालाच सोडलं. आतल्या रस्त्यावर लोखंडाचे बारीक तुकडे असतात, टायर फाटतो, म्हणून रिक्षा आत जात नाहीत. टेम्पोमागून टेम्पो चालले होते, त्यांत उभे राहिलेले कामगार, तोंडाला रुमाल. झाडांची पानं गंजाच्या रंगाची होती. कारखान्यांच्या पत्र्यामागून काहीतरी अवजड एकसारखं आपटत होतं आणि तो आवाज तळपायातून वर येत होता. त्याच तळपायात, भंगाराच्या फाटकातून दहा पावलंही आत गेले नसेन तोच, पत्र्याचा तुकडा चपलेतून आरपार घुसला.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. खाली बसले, एवढंच. ॲल्युमिनियम निवडत बसलेली एक बाई उठून आली, माझा पाय मांडीवर घेतला आणि तुकडा ओढून काढला. तिचं नाव कांताबाई. “बिनबुटाचं कोण येतंय इथं?” ती म्हणाली, आणि बाटलीतल्या पाण्याने जखम धुऊन स्वतःच्या हातमोज्याची चिंधी फाडून बांधली. नंतर माझ्या लक्षात आलं की तिच्या स्वतःच्या पायांतही चपलाच होत्या.

मालक मुनीरचाचा साठीचे, पांढरी टोपी, कानामागे पेन्सिल. त्यांना माझ्या येण्याचं नवल वाटलं नाही. विमान आलं तेव्हा फोटो काढायला गाव लोटलं होतं. “विमान तो गया, बेटा,” ते म्हणाले. “अंग सगळं ॲल्युमिनियम. ते इथल्या भट्टीत चालत न्हाई, ते बाहेरगावी वितळायला गेलं. पाय तेवढे लोखंडाचे. ते इथंच गेले. आता कोणाच्या तरी स्लॅबमधी सळई बनून असतील.”

ते हे अगदी सहज बोलले, एखाद्या ओळखीच्या माणसाची बदली कुठे झाली ते सांगावं तसं. मी विचारलं, खुर्ची?

मला वाटलं होतं की तीही गेली म्हणतील. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. मग गावी जाऊन सांगता आलं असतं की सापडलं नाही, आणि ते खोटं झालं नसतं.

“खुर्ची?” मुनीरचाचा हसले. “खुर्चीवर तर आमचा काटेवाला बसतो. आव.”

वजनकाट्याची केबिन म्हणजे पत्र्याची खोली, एक खिडकी, एक पंखा. आत, टेबलामागे, मारुतची खुर्ची होती. उंच पाठीची, काळपट हिरवी, सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर बसवलेली. तिला बाहेर फेकणारी स्फोटक दारू विमान संस्थेला देण्याआधीच काढून घेतलेली, त्यामुळे भीती नव्हती. बैठकीवर फुलाफुलांची उशी होती. काटेवाला जेवायला गेला होता. मुनीरचाचांनी मला बसायला सांगितलं, पाय दुखतोय म्हणून. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. मी उभीच राहिले.

पिन काढली. पुढच्या दांडीपाशी पहिलं भोक होतं, भोवती पुसट लाल वर्तुळ. त्यात मळ साचला होता. कांताबाईने डोक्यातली पिन काढून तो उकरला. आजोबांची पिन आत गेली आणि टक् असा आवाज आला. मी बाहेर काढली. दुसरं बैठकीच्या बाजूला. टक्. तिसरं डोक्यामागे, वर. टक्. चौथं पाठीमागच्या नळीवर, तिथे हात पोचेना. मुनीरचाचांनी खुर्ची ठोकळ्यांवरून थोडी फिरवली. टक्.

मी मनात इंग्रजीत मोजत होते. शाळेपासून तशी सवय आहे. मराठीतले मोठे आकडे मला अजून अडखळवतात. वन, टू, थ्री, फोर. मी खुर्चीभोवती पूर्ण एक फेरी मारली. आणखी लाल वर्तुळ दिसलं नाही. पुन्हा एक फेरी मारली. पिन ओढणीच्या टोकाला पुसली आणि पिशवीत टाकली.

“आन् हे गं?” कांताबाई म्हणाली.

काटेवाल्याचा पेन दोऱ्याने खुर्चीला बांधलेला होता, ट्रकवाल्यांनी उचलून नेऊ नये म्हणून. दोरा खुर्चीच्या डाव्या हाताखाली एका भोकातून ओवलेला होता. कांताबाईने पेन बाजूला सारला, दोरा ओढून काढला आणि अंगठ्याने इतक्या महिन्यांची शाई पुसली. खाली लाल रंग निघाला.

मी पिन परत काढली. घालावीशी वाटत नव्हती. ते दोघे बघत होते म्हणून घातली.

टक्.

मुनीरचाचांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी कांताबाईकडे पाहिलं, मग पंखा माझ्याकडे वळवला. कांताबाई दोरा पुन्हा त्याच भोकात ओवू लागली, कारण काटेवाला जेवून येणार होता आणि त्याला पेन लागणार होता. गाठ मारून झाल्यावर तिने विचारलं, “घरचं कोणी बसत व्हतं का ह्याच्यावर?” मी मान हलवली, नाही अशी. तिने पुढे विचारलं नाही. फाटकापर्यंत मात्र माझा दंड धरून आली आणि वाटेतला एकेक पत्र्याचा तुकडा पायाने बाजूला करत राहिली.

अंकुशनगरच्या अलीकडे

गाव साखर कारखान्याच्या अलीकडे आहे. वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात शिरतो. आत्या म्हणते, तिला तो येतच नाही. उसाच्या गाड्यांनी रस्त्याचा चेंदा केला होता आणि दोन्ही बाजूंना वेचून झालेला कापूस उभा वाळत होता.

आत्या मला अंगणातच भेटली. तिला पिनांची हकिगत कुणी सांगितलेली नाही, पण रात्रंदिवस ती आजोबांजवळ असते. झोपेत ते चारपर्यंत मोजतात आणि थांबतात, हे तिने कित्येकदा ऐकलं होतं. तिने तिच्यापुरता अर्थ लावून घेतला होता. माझा चेहरा बघून ती म्हणाली, “खरं काय हाय ते तुझ्यापाशीच ठेव. चार म्हण. म्हाताऱ्याचे किती दिस राह्यलेत? मोकळा व्हईल बिचारा.”

मी मान डोलावली. वाटेभर मीही तेच ठरवत आले होते. बसमध्ये ओठ न हलवता म्हणूनही पाहिलं होतं. चार. सोपा शब्द आहे.

आत्याने पिठलं-भाकरी वाढली. शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार सोडली. आजोबांना तिने पेज भरवली. ते एरवी नको नको करतात, त्या दिवशी मुकाट्याने संपवली. मग तिला म्हणाले, पेटी दे. पेटीतून त्यांनी उजव्या, चालत्या हाताने उरलेल्या तीन पिना काढल्या आणि गोधडीवर ठेवल्या. लाल पट्ट्या एका दिशेला, एका ओळीत, मधे सारखं अंतर. मी माझ्याजवळची पुढे केली. त्यांनी ती तिसरीच्या पुढे ठेवली.

मग त्यांनी तळहाताच्या कडेने गोधडी सारखी केली. चौथ्या पिनेच्या पुढे, तेवढंच अंतर सोडून, आणखी एका पिनेएवढी जागा त्यांनी गुळगुळीत केली. तिथे त्यांनी काही ठेवलं नाही. हात तिथेच राहू दिला.

मी त्या जागेकडे बघत राहिले. फिटर माणूस. दुसऱ्या दिवशी शेजारच्या विमानावर शिडी लावून चढला असेलच की. त्यांना आठवत नव्हतं असं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“सापडलं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सापडलं. भंगारात. खुर्ची तेवढी शाबूत आहे.

“पिन घातली?”

“घातली.”

“सगळीकडं?”

मी हो म्हटलं, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, आत्या उभी होती. तिने पिठाचा हात वर केला होता. अंगठा तळव्यात दुमडलेला, चार बोटं ताठ.

आजोबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना मान वळवता येत नाही. पण माझी नजर कुठे गेली ते त्यांनी पाहिलं.

“मला बरं वाटावं म्हणून सांगणारे घरात लई हायेत,” ते म्हणाले. एकेक शब्द वाकड्या झालेल्या ओठांतून ओढून काढत होते. “इंजिन चालू व्हतं. त्याला ऐकू गेलं न्हाई. मी बी परत ओरडलो न्हाई. आता इंजिन बंद हाय. तू मोजलंस ना?”

“हो.”

“मंग सांग. मोठ्यानं.”

लहानपणी सुट्टीत आले की ते मला वाड्याच्या तोंडाशी उभी करत. तोवर मेंढरं थोडीच उरली होती. मी पुटपुटत मोजायचे आणि ते आतून म्हणायचे, ऐकू येत न्हाई, परत. आकडा कळेपर्यंत ते फाटक लावत नसत.

आत्याची चार बोटं अजून वर होती. मी तिच्याकडे बघणं सोडलं आणि आजोबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतकी मोठ्याने बोलले, की अंगणातली कुत्री उठून उभी राहिली.

“पाच.”